उरलेली सरकी

पाचांपैकी चौथा मुद्दा मी धडाधड म्हणून दाखवला आणि पाचव्याला सुरुवात करता करता अडलो. कमल समोर पाटावर बसली होती. मांडीवर माझं पुस्तक उघडं, एका हातात पेन्सिल, दुसऱ्या हातात दुधाचा पेला. रोज सकाळी ती अशी माझी उजळणी घ्यायची. प्रश्न हिंदीतून वाचायची, तिच्या त्या अस्सल, बुऱ्हाणपुरातल्या राजपुऱ्याच्या हिंदीतून, आणि मी परीक्षेच्या हिंदीतून उत्तर द्यायचो. आजचा प्रश्न औषध लावलेल्या बियाण्यापासून होणाऱ्या बाधेचा होता. एक, औषध उघड्या हातांनी मिसळू नये. दोन, मिसळताना नाकातोंडाला फडकं बांधावं. तीन, भांडी नदीत किंवा विहिरीवर धुऊ नयेत. चार, पेरून उरलेलं बी माणसाला वा जनावराला कदापि खाऊ घालू नये, कारण त्यातलं विष दुधात उतरतं. "पाच," कमल म्हणाली, "पाचवा सांगा ना." मी पाचवा सांगितला, उरलेलं बी पाण्यापासून लांब खोल पुरावं. तिनं पेन्सिलीनं बरोबरची खूण केली आणि पेल्यातलं उरलेलं दूध एका घोटात पिऊन टाकलं. ते दूध जसोंडीच्या सोजरबाईच्या म्हशीचं होतं, आणि त्या म्हशीला उरलेली सरकी घालायला मीच सांगितलं होतं.

खोटं वाटेल, पण महिनाभर हे चौथ्या मुद्द्याचं वाक्य रोज माझ्या तोंडून बाहेर पडत होतं आणि एकदाही माझ्या कानात शिरलं नव्हतं. घोकलेल्या मजकुराचं असंच होतं. त्यात तो हिंदीतून घोकलेला, म्हणजे ते विष, ते पशू, ते दूध सगळं मला भोपाळकडचं वाटायचं. नवं राज्य होऊन तीन वर्षं होत आली होती. नागपूरशी आमचा संबंध सुटला होता, आणि कुणी ग्वाल्हेरचा, कुणी रीव्याचा, कुणी इंदूरचा, आणि आम्ही जुन्या मध्यप्रांतातले, अशा सगळ्यांच्या नोकऱ्या एका यादीत बसवायचं काम चाललं होतं. त्याला एकीकरण म्हणत. शेतकी खात्याच्या यादीत मी कधी एकशे बारावा असायचो, कधी एकशे चाळिसावा, आणि यादी खालून कापणार अशी कुजबुज होती. अशात विस्तार अधिकाऱ्याच्या सतरा जागांसाठी परीक्षा जाहीर झाली. त्यात एक नवाच विषय घातला होता: कीटकनाशकं आणि रासायनिक खतं यांनी माती, पाणी आणि अन्न कसं नासतं. कचेरीतल्या जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. काल फवारा मारा म्हणून गावोगाव हिंडवलं आणि आज फवाऱ्याची भीती शिकवताय, म्हणाले. मला मात्र विषय आवडला होता. मुद्दे होते, आकडे होते, आणि मला पाठांतर येतं. मला तेवढंच येतं.

मृगाच्या आठवडाभर आधी मी जसोंडीला गेलो होतो, सरकीला औषध लावण्याचं प्रात्यक्षिक द्यायला. दगा आणि त्याची बायको सोजरबाई हे तिथलं माझं हक्काचं घर. दगा रोज सायकलवर दूध घेऊन शहरात आमच्या राजपुऱ्यात यायचा, आणि कमलला दिवस गेल्याचं कळल्यापासून सोजरबाई आमच्या चरवीत वेगळं, निरसं, साईचं दूध भरून पाठवायची. त्यांच्या अंगणात सरकीचा ढीग पडला होता. आमच्याकडे पेरण्याआधी सरकी शेणामातीच्या काल्यात चोळतात, म्हणजे तिची लव बसते आणि दाणे एकमेकांना चिकटत नाहीत. ते काम मालूबाई करत होती. ती त्यांच्या शेतात मजुरीला येणारी विधवा, कोपरापर्यंत शेणानं भरलेली. चोळलेली सरकी वाळल्यावर मी ती एका मोठ्या मडक्यात भरली, वरून खात्याची राखाडी पूड टाकली, तोंडाला फडकं बांधलं आणि मडकं अंगणभर लोळवलं. उघडल्यावर पूड भसकन वर आली. मी नाकाला रुमाल बांधलेला होता. मालूबाई हसली आणि सोजरबाईला म्हणाली, सायेबाले वास येते. मग तिनं उघड्या हातांनी मडकं रितं केलं, आणि मी वहीत लिहिलं की प्रात्यक्षिक यशस्वी झालं. पेरणी आटोपल्यावर पुन्हा गेलो तेव्हा सोजरबाईनं अर्धी टोपली सरकी पुढे केली आणि विचारलं, हे उरलं त्याचं काय करू. मी शाळामास्तराचा मुलगा. माझ्या बापानं आयुष्यात खडूशिवाय काही पेरलं नाही. खेड्यातल्या माणसांसमोर आपल्यालाही शेतीतलं कळतं हे दाखवायची मला भारी हौस. मी म्हणालो, "वाया कशाला घालवता? धुवा, शिजवा आणि म्हशीला घाला. दूध घट्ट येईल." वर हसून जोडलं की नाहीतरी ते आमच्याच घरी येणार आहे.

हे सगळं मला पाटासमोर बसल्या बसल्या आठवलं. कमल पेला विसळायला न्हाणीत गेली आणि मी तिच्या पाठीकडे बघत राहिलो. पाचवा महिना होता. दोन वर्षांपूर्वीही पाचवाच होता. तेव्हा शेजारच्या धुरपदाबाई सुईण म्हणून आल्या होत्या आणि त्यांनी मला आत येऊ दिलं नाही. मी ओट्यावर उभा राहून समोरच्या भिंतीचे पोपडे मोजले. बऱ्याच वेळानं त्या बाहेर आल्या, हात पदराला पुसत, आणि मला म्हणाल्या की घरी जाऊन जरा पडा. मी माझ्याच घराच्या ओट्यावर उभा होतो. त्यांना ते सुचलं नाही आणि मलाही नाही. मी खरंच निघालो आणि शनवाऱ्याच्या वेशीपर्यंत चालत गेलो. त्यानंतर कमल महिनाभर बोलली नव्हती. आता ती बोलायची, हसायची, माझ्या हिंदीला नावं ठेवायची. 

मी हिशेब मांडू लागलो. अर्धी टोपली म्हणजे दीड पायली धरू. म्हशीला रोज दोन ओंजळी घातल्या तर पंधरा दिवस. त्या पंधरा दिवसांचं दूध. पण पुस्तकात दिलं होतं की असलं विष अंगात राहतं, हळूहळू बाहेर येतं, तेव्हा पंधरा दिवस नव्हे, तीन महिने. किती येतं ते दिलेलं नव्हतं. गर्भावर काय होतं तेही नव्हतं. एक ओळ होती, अशी बाधा आधी मज्जातंतूंत दिसते, हात थरथरतात. मी कमलच्या हातांकडे बघायला लागलो. ती भाकरी थापताना, वेणी घालताना, सुईत दोरा ओवताना. एकदा तिला दोन वेळा ओवायला लागला तर मी उठून बाहेर गेलो. तिनं विचारलंही, काय झालंय तुम्हाला? परीक्षेची काळजी, मी म्हणालो.

बाहेर तरी काय होतं? त्या दोन दिवसांत मला बुऱ्हाणपूर नव्यानं दिसलं. गल्लीतल्या नळाला भंडाऱ्याचं पाणी यायचं. भंडारा म्हणजे बादशाही काळातलं भुयार; पाणी सातपुड्याच्या पोटातून झिरपत येणारं, उन्हाळ्यात गार लागणारं. पाहुण्यांना आम्ही ते अभिमानानं पाजायचो. आता मला आठवायच्या त्या भुयारावरच्या लालबागेकडच्या कुंड्या. शेतांमधून जमिनीवर त्यांची उघडी तोंडं, आणि त्या शेतांत पांढऱ्या दाणेदार खताची पोती, मीच वाटलेली. पुस्तकात पान बासष्टवर होतं की खत पाण्याबरोबर खाली उतरतं आणि झऱ्याला मिळतं. मी तांब्या तोंडाला लावायचो आणि खाली ठेवायचो. केळीवाल्याच्या गाडीवर पिवळे घड लटकलेले बघून मला केळीच्या बागेतला फवारा आठवायचा. घाटावर कुणी मासे घेऊन बसलं होतं, त्यांचे डोळे बघून मी वाट बदलली. मी भित्रा आहे हे मला लहानपणापासून माहीत आहे. पण आजवर मी उगाच भ्यायचो. या वेळी भीतीला आधार होता, छापील, पानाच्या आकड्यासकट.

दुधाचं काहीतरी करणं भागच होतं. खरं सांगायचं तर कमलला सांगावं लागलं असतं की मी काय केलं, आणि तिच्या डोळ्यांत पुन्हा तो महिना उतरलेला मला बघवला नसता. आणि खात्याला कळलं तर? औषधाच्या पाकिटावर सूचना होती, ती मी वाचली नव्हती. एक तक्रार आली असती तर एकशे चाळिसावा माणूस यादीतून पुसायला कितीसा वेळ लागतो? मी कमलला म्हणालो की दगा दुधात पाणी घालतो, उद्यापासून नको. ती बघतच राहिली. दगा? असं दोनदा म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनंच त्याला दारात सांगितलं, मी आतल्या खोलीत पुस्तकात डोकं घालून बसलो होतो.  दगानं चरवी पालथी करून ओट्यावर ठेवली आणि सायकलची घंटी न वाजवता गेला. पंधरा वर्षं दूध घालत होता तो या गल्लीत. मी त्याच्या नावाला बट्टा लावला आणि त्यातल्या त्यात मला एवढंच वाटलं की चला, दूध तर बंद झालं.

पण तिसऱ्या दिवशी सकाळी कमल अंथरुणात बसून राहिली, दोन्ही तळवे पोटावर ठेवून. मी विचारलं तर म्हणाली, "काल दुपारपासून हललं नाही बघा. झोपलं असेल नाही?" मी हो म्हणालो. माझी पाचावर धारण बसली होती आणि मी हो म्हणालो. मग तिला सांगितलं की कचेरीचं काम आहे, धुरपदाबाईंना सोबतीला बोलावलं, आणि सायकल काढली. जसोंडीला जाऊन नेमकं काय विचारणार होतो मला ठाऊक नव्हतं. म्हशीला सरकी कधीपासून कधीपर्यंत घातली ते? ते कळून काय होणार होतं? पण आकडा हवा होता. रस्त्यात चिखल होता, दोन्ही बाजूंना कपाशी गुडघ्याला लागलेली, हिरवीगार, बिनकिडीची. माझ्याच औषधाची किमया. एरवी मी थांबून पानं उलटून बघितली असती.

सोजरबाई गोठ्यातच होती. ती रागावलेली होती आणि तिनं ते लपवलं नाही. तिनं मला बसा म्हटलं नाही. आमच्यानं पानी नाही घातलं जात सायेब, एवढंच म्हणाली आणि शेण भरत राहिली. म्हैस शेपटी हलवत उभी होती, काळी, तुकतुकीत, धडधाकट. मी तिच्याकडे बघत सरळ विचारलं की ती उरलेली सरकी किती दिवस घातली. सोजरबाईनं मान वर केली. "म्हशीले? म्हशीले काहून घालीन? पेराले काढेलं बी मी घरच्या ढोराले नाही घालत. माही सासू नव्हती घालत." तिच्या घराण्यात तसं होतं. पेरणीसाठी घराबाहेर काढलेलं बी उरलं तरी परत उंबऱ्याच्या आत आणत नाहीत, पीक रुसतं म्हणतात. ज्याला शेत नाही अशा माणसाच्या पदरात घालतात. मी सांगितलं तेव्हा तिनं मान हलवली होती, कारण सायेबासमोर नाही कशाला म्हणा.

मी गोठ्याच्या खांबाला टेकलो. मला इतकं बरं वाटलं की हसू येत होतं. आमची म्हैस नव्हे. आमचं दूध नव्हे. कमल, तो पेला, ते पोट, सगळं जागच्या जागी होतं, आणि मी तीन दिवस फुकट मेलो होतो. सोजरबाईनं माझा चेहरा बघितला असावा, कारण ती नरमली, च्या टाकते म्हणाली. मी तिला सांगितलं की दगाबद्दल माझा गैरसमज झाला, उद्यापासून दूध पाठवा. चहाचा पहिला घोट मी घेतला तो किती गोड लागला ते मला अजून आठवतं. मग सहज, बोलायचं म्हणून, मी विचारलं की मग दिली कुणाला.

"मालूबाईले देली ना. तिच्या बकरीसाठी," सोजरबाई म्हणाली. "खाल्ली बिचारीनं चवीनं. पन नशीब एकेकाचं. आखाडात मेली बकरी. पाय झाडत झाडत मेली."

चहा अर्धा राहिला. मालूबाईची लेक बाळंतपणात गेली होती हे मला माहीत होतं, तिची तान्ही नात आजीपाशी वाढत होती हेही. ती कशावर वाढत होती हे मी कधी विचारलं नव्हतं. आता सोजरबाईनंच सांगितलं, बकरीच्या दुधावर. बकरी गेल्यापासून हीच तिला आपलं अर्धा शेर दूध द्यायची, पण पोर अंगच धरत नव्हती.

मालूबाईचं खोपट गावाच्या टोकाला. ती दारात बसून शेंगा सोलत होती. मला बघून उठली, पदर सावरला, आत जाऊन घोंगडी आणली आणि मला बसायला घातली. पोर झोळीत होती. विमल नाव, नऊ महिन्यांची. मालूबाई म्हणाली की लई गुनाची आहे, रडत नाही, निजूनच राहते. मी झोळीत डोकावलो. पोर जागी होती. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघत नव्हते, कशाकडेच बघत नव्हते. एक मूठ झोळीच्या काठाशी आली होती आणि ती थरथरत होती, बारीक, सारखी. मी मागे सरलो. पळून जावं असं मला वाटलं हे मी लपवणार नाही. सायकल दाराशी होती. कमल घरी होती, माझी वाट बघत, बरी. कुणी मला काही विचारलं नव्हतं.

का कोण जाणे, मी बोललो. सरकीला लावलेली पूड विषारी होती, बकरी त्यानंच गेली, पोरीला त्याचीच बाधा आहे, आणि उरलेली जनावराला घाला असं मी सांगितलं होतं. एवढं बोलायला मला बराच वेळ लागला. मालूबाईनं शेंगा सोलणं थांबवलं होतं. ती शिव्या देईल, ऊर बडवेल, मला वाटलं, आणि तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि मग तिनं माझ्या गुडघ्याला हात लावला. "तुमी काहून कराल वाईट, सायेब? तुमाले मालूम नसंल. तुमी असे थरथरू नका." मी थरथरतोय हे मला तेव्हा कळलं.

दगानं गाडी जुंपली.  मी पुढे, मालूबाई मागे पोरीला पदराखाली घेऊन, असे आम्ही दुपारी शहराच्या सरकारी दवाखान्यात पोचलो. डॉक्टर तरुण होते, जबलपूरकडचे. त्यांनी पोरीच्या डोळ्यांसमोर बोट फिरवलं, पाय उचलून सोडला, आणि विचारलं की खाण्यात काय आलं. मालूबाई माझ्याकडे बघू लागली. मी औषधाचं नाव सांगितलं, कधीचं, किती, बकरीला कशातून, दूध किती दिवस, सगळं, चुकीशिवाय, त्या परीक्षेच्या हिंदीत. डॉक्टरांनी मान हलवली. असा रोगी त्यांनी बघितलेला नव्हता. ठेवून घेऊ, म्हणाले, बघू. मग त्यांनी एक फॉर्म ओढला. विषबाधा म्हणजे जबाब लिहावा लागतो. मालूबाईकडे न बघता त्यांनी विचारलं, "वो बीज बकरी को खिलाने किसने कहा था?"

मी तोंड उघडलं. उघडलं होतं, देवाशपथ. पण माझ्याआधी मालूबाई बोलली. तिला तेवढं हिंदी येत होतं. "कोई नहीं बोला, साहेब," ती म्हणाली. "इनने तो मना करा था. मैंनेच डाली, मेरे हातसे. मेरेकू अकल नहीं." आणि माझ्याकडे वळून, अगदी हळू, जणू आजारी मीच होतो, म्हणाली, "नोकरीचं मानूस हाये तुमी. घरी बाई पोटुशी."

खोलीत पंखा फिरत होता. पलीकडच्या खाटेवर नर्स पोरीची मूठ उलगडायचा प्रयत्न करत होती आणि ती पुन्हा पुन्हा मिटत होती, थरथरत. डॉक्टर लिहीत होते. मी म्हणू शकलो असतो, थांबा. एक शब्द होता. मला सतरा जागा दिसल्या, यादी दिसली, कमलचे पोटावरचे तळवे दिसले, आणि मग मला काहीच दिसलं नाही, फक्त छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. सकाळी गोठ्यात वाटलं होतं तसंच. मला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला जेवढी भीती वाटली तेवढी विषाची कधी वाटली नव्हती.

मालूबाईचा अंगठा शाईत बुडवून कागदावर घेतला. दवाखान्याच्या माणसानं तो कागद फिरवून माझ्यापुढे केला आणि रिकाम्या ओळीवर बोट ठेवलं. साक्षीदार. मी टाक घेतला, नाव लिहिलं, हुद्दा लिहिला, तारीख घातली. माझा हात जरासुद्धा हलला नाही.